गोट्यांच्या मळ्यातली लाल वाइन : शातोनफ-द्यु-पाप

दक्षिण फ्रान्समधल्या आविन्याँहून उत्तरेकडे जाणाऱ्या बसमधून मी उतरलो, तेव्हा सप्टेंबरचा दुसरा आठवडा चालू होता आणि गावाबाहेरच्या मळ्यांत तोडणी सुरू झाली होती. शातोनफ-द्यु-पाप, म्हणजे 'पोपचा नवा किल्ला', या गावाचे नाव फ्रान्सच्या एका थोर लाल वाइनला मिळाले आहे. निफाडकडच्या द्राक्षबागेत लहानाचा मोठा झाल्यामुळे मला ती वाइन चाखण्याइतकीच ती जिथे पिकते ती जमीन पाहण्याची ओढ होती.

किल्ला टेकडीच्या माथ्यावर आहे. १३०९ ते १३७७ या काळात पोपचे आसन रोमऐवजी आविन्याँला होते. त्यांपैकी दुसरे पोप, बावीसावे जॉन, यांनी उन्हाळ्यात राहण्यासाठी हा वाडेवजा किल्ला बांधून घेतला आणि आसपासच्या द्राक्षमळ्यांना आश्रय दिला. आज तिथे बुरुजाचा एक उभा तुकडाच उरला आहे, कारण १९४४ साली माघार घेताना जर्मन सैन्याने तो सुरुंगाने उडवला. त्या भिंतीच्या सावलीत उभे राहिले की खाली ऱ्होन नदीचा पट्टा आणि चहूकडे वेली दिसतात. तरीही या वाइनचे मूळ पोपांपाशी शोधणे मला अपुरे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत हे गाव आसपासच्या चुन्याच्या भट्ट्यांवरून शातोनफ-कालसर्निये म्हणून ओळखले जात असे आणि पोपचे नाव त्याला १८९३ साली अधिकृतपणे मिळाले. इथली बरीच वाइन तेव्हा पिंपांतून बर्गंडीकडे जाई आणि तिकडच्या फिक्या वाइनला अंग यावे म्हणून तिच्यात मिसळली जाई.

त्यातच फिलॉक्सेरा आला. मुळांवर जगणारी ही अमेरिकेतली सूक्ष्म कीड १८६०च्या दशकात ऱ्होनच्या पलीकडच्या काठावर, रोकमोरच्या परिसरात, फ्रान्समध्ये पहिल्यांदा दिसली आणि काही वर्षांत तिने मळे उजाड केले. उपाय सापडला तोही अमेरिकेतलाच : तिकडच्या जंगली वेलींच्या खुंटावर फ्रेंच वाणाचे कलम. आमच्याकडे डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाचे डोळे भरतात, तेव्हा या आपत्तीची आठवण कोणाला नसते; पण डॉगरिज हाही अमेरिकेतल्याच वेलींचा वंशज आहे.

मळे पुन्हा उभे राहिल्यावर नावाचा गैरवापर वाढला आणि भलतीकडची वाइन याच नावाने विकली जाऊ लागली. त्याविरुद्ध १९२३ साली गावातल्या बागायतदारांनी संघटना उभारली. तिचे नेते होते पहिल्या महायुद्धात वैमानिक असलेले वकील बॅरन ल र्‍वा. मळ्याची हद्द ठरवताना त्यांनी लावलेली कसोटी मला फार आवडली : जिथे थाइम आणि लॅव्हेंडर ही सुगंधी झुडपे शेजारी शेजारी उगवतात, तीच जमीन या वाइनची. त्याखेरीज वाण ठरले, अल्कोहोलची किमान मर्यादा ठरली, तोडणीच्या वेळी खराब घड वेगळे काढणे सक्तीचे झाले. फ्रान्सने १९३५ साली उगमनामांसाठी, म्हणजे वाइन जिथे पिकते त्या जागेच्या नावांसाठी, नवा कायदा केला आणि १९३६ साली त्याखाली मान्यता मिळालेल्या पहिल्या नावांत शातोनफ-द्यु-पाप होते. माझ्या मते वाइनचा खरा जन्म या कागदांत आहे.

आता जमीन. गावाच्या वरच्या पठारावर पाय ठेवला आणि मी थबकलोच, कारण तिथे माती दिसतच नव्हती. नारळाएवढे, बटाट्याएवढे, तांबूस-पिवळे गुळगुळीत गोटे पायाखाली घसरत होते आणि त्यांच्यातून गुडघ्याएवढे जाडजूड बुंधे वर आले होते. हे क्वार्ट्झाइटचे गोटे प्राचीन ऱ्होनने वाहून आणलेले आहेत. दिवस मावळल्यावर मी त्यांतला एक उचलला, तर तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा तो आतून ऊब सोडत होता. दिवसा साठवलेली उष्णता गोटे रात्री घडांना देतात आणि खालच्या लाल चिकणमातीतली ओल उडू देत नाहीत. पठाराबाहेर वाळूच्या आणि चुनखडीच्या जमिनीही आहेत आणि तिथली वाइन जास्त नाजूक होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

वेलींना मांडव नाही, ताराही नाहीत. ग्रनाश या मुख्य वाणाचे बुंधे पेल्यासारखे उघडे छाटलेले असतात, म्हणजे उत्तरेचा बोचरा मिस्त्राल वारा आला तरी ते उन्मळत नाहीत. तोच वारा घड कोरडे ठेवतो, त्यामुळे बुरशीचा त्रास कमी. ग्रनाशच्या जोडीला सिरा, मूर्वेद्र असे इतर वाण मिसळतात. नियमांत एकूण तेरा वाण आहेत आणि रंगभेद वेगळे मोजले तर अठरा. पांढऱ्या वाणांनाही लाल वाइनमध्ये जागा आहे. तोडणी हातानेच होते आणि उत्पादनाची मर्यादा हेक्टरी साधारण ३५ हेक्टोलिटर, म्हणजे एकरी जेमतेम चौदाशे लिटर.

संध्याकाळी एका तळघरात चव घेतली. रंग अपेक्षेपेक्षा फिका, माणकासारखा, कारण ग्रनाशच्या सालीत रंग कमीच. पहिल्या वासात सुकलेली स्ट्रॉबेरी आणि काळी मिरी. मग थोडा वेळ पेला फिरवल्यावर थाइम. मला मात्र ओव्याची आठवण झाली आणि ती उगाच नव्हती, कारण थायमॉल हे सुगंधी द्रव्य दोन्हींत असते. घोट भरदार, उष्ण, चौदा-साडेचौदा टक्क्यांचा. पण शेवटी जिभेवर रेंगाळतो तो सुकल्या झुडपांचा कडवट सुवास. मोठ्या जुन्या लाकडी पिंपांत ती मुरवतात, कारण ग्रनाशला नव्या छोट्या पिंपांचा लाकडी वास सहज झाकून टाकतो.

रात्री आबांना फोन केला. एकरी किती निघते ते सांगितल्यावर ते गप्प झाले. मग विचारले, "पाणी किती देतात?" मी म्हणालो, "ठिबक नाहीच आबा, सहसा पाणी द्यायला परवानगीच नाही." ते थोडा वेळ थांबून म्हणाले, "आणि गोटे? ते वेचून बांधावर नाही टाकत?"