एएसओच्या आकड्याला किती भ्यायचं?

पावसाळा लागला की आमच्या राजारामपुरीतल्या लॅबमध्ये एएसओ या रक्ततपासणीच्या चिठ्ठ्या वाढतात. गुडघा दुखला, लिही एएसओ. पोराला दोनदा ताप आला, लिही एएसओ. परवा गगनबावड्याकडचे एक आजोबा नातवाचा रिपोर्ट काउंटरवर पसरून म्हणाले, "मॅडम, चारशे आलंय. पोराच्या काळजाला काय धोका हाय का ओ?" पोरगं तोवर खुर्च्यांवरून उड्या मारत होतं.

एएसओ म्हणजे घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस या जंतूच्या एका विषाविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं. जंतू येऊन गेला, एवढंच त्यातून कळतं. आकडा तीन ते पाच आठवड्यांत वर चढतो आणि मग कित्येक महिने रेंगाळतो. शाळेत जाणाऱ्या ठणठणीत पोरांतही तो वाढलेला सापडतो. सांधे सुजलेत का, हृदयात काही आवाज आहे का, हे डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नुसत्या आकड्यावर संधिवाताचा ताप, म्हणजे या जंतूमागून सांधे आणि हृदयावर येणारा आजार, ठरत नाही.

जंतू आत्ता घशात आहे का, हे कळायला स्वॅब, म्हणजे घशात फिरवलेली कापसाची काडी, लागतो, आणि तो मात्र क्वचितच कुणी पाठवतं. स्वॅब रक्त घातलेल्या अगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, ओढायचा आणि दुसऱ्या दिवशी प्लेट खिडकीच्या उजेडात धरायची. जंतूंच्या टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहतींभोवती लाल रंग पार विरघळून स्वच्छ कडं पडलं असेल, तर तो बीटा, म्हणजे रक्तपेशी पूर्ण फोडणारा स्ट्रेप्टोकोकस. पुढच्या सगळ्या तपासण्या या कड्यावर उभ्या असतात, म्हणून रक्त चांगलं हवं, शक्यतो मेंढीचं. तांबड्या-पांढऱ्याच्या गावात त्याला काय तोटा, असं वाटेल. पण खाटकाकडचं चालत नाही. जिवंत मेंढीच्या मानेच्या शिरेतून निर्जंतुक काढून, गोठू नये म्हणून काचेच्या मण्यांबरोबर हलवत राहावं लागतं. रक्तपेढीतली मुदत संपलेली पिशवी हा सोपा मार्ग, पण माणसाच्या रक्तात याच जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं असू शकतात आणि कडं फसवतं. वितळलेलं गरम अगर पन्नास अंशांच्या खाली येण्याआधी घाई करून रक्त ओतलं तर प्लेट चॉकलेटी होते, ती वेगळ्याच कामाची.

या कडेवाल्या जंतूंची वर्गवारी रेबेका लान्सफील्ड या बाईंनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये लावली. माणसं, गाई, अगदी चीजमधूनही मिळालेले १०६ नमुने घेऊन, गरम आम्लानं त्यांच्या भिंतीतली शर्करा काढून सशाच्या रक्तद्रवाशी ती जुळवून बघितली. १९३३ साली त्यांचे ए ते ई गट छापून आले. माणसांतले बहुतेक ए, गाईंतले बी. आपल्याकडे कासेला दगडी होते, त्यामागच्या जंतूंपैकी एक हाच बी. मला या बाईंचं फार कौतुक आहे. आजही गट ओळखायच्या आमच्या लॅटेक्स किटमध्ये मिनिटाभरात गुठळ्या दिसतात, त्यामागचं तत्त्व त्यांचंच.

ए गटातही पोटप्रकार आहेत. लान्सफील्डबाईंनी जंतूच्या अंगावरच्या एम प्रथिनावरून ते पाडले, तर लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथनं काचपट्टीवर गुठळ्या बघून. मेलेल्या जंतूंचा गुण जिवंत जंतूंत उतरतो, हे न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवर उंदरांत दाखवणारा तोच हा ग्रिफिथ. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात तो गेला. आता एम प्रथिनाच्या जनुकाचा क्रम वाचतात आणि दोनशेहून अधिक प्रकार नोंदले गेलेत. एका प्रकाराची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला सहसा उपयोगी पडत नाही, म्हणून त्याच पोराचा घसा पुन्हा पुन्हा धरतो आणि लस अजून हाती येत नाही. साथ कुठून आली हे शोधायला हे प्रकार लागतात. तुमच्या पोराच्या औषधाला लागत नाहीत: ए गटावर पेनिसिलिन आजही चालतं. ज्यांच्या हृदयाची झडप आधीच बिघडली आहे, त्यांनी तर दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन एएसओ कमी आलं म्हणून परस्पर बंद करू नये.

तेव्हा घसा लाल असेल, गिळताना दुखत असेल, तर डॉक्टरांना स्वॅबचं विचारा. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी या, आणि त्या दिवशी सकाळी औषधी पाण्याच्या गुळण्या करू नका. पोराला भरपेट खायला घालूनही आणू नका. घशात काडी घातली की ते आमच्या अंगावर येतं.