सुडो नाही तर नाही, ऑफिस घरच्या फोल्डरात टाकलं

आमच्या डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरवर उबुंटू 22.04 (लिनक्सचा एक प्रकार) आहे आणि त्याच्याबरोबर आलेलं लिब्रेऑफिस 7.3, म्हणजे एमएस ऑफिससारखंच ऑफिस. रोजच्या कामाला पुरतं. पण मागच्या आठवड्यात मार्कांची एक एक्सेल शीट आली, तिच्यात जिकडेतिकडे एक्सलुकअप (एका रकान्यात शोधून दुसऱ्यातली माहिती आणणारं फंक्शन), आणि मी एखादा रोल नंबर बदलला की शेजारच्या सेलमध्ये लगेच हॅश-नेमचा एरर, म्हणजे हे नाव ओळखत नाही. ते फंक्शन कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसचं एक्सेल) आलंच मुळी 24.8 मध्ये, म्हणजे ऑगस्ट 2024 ला (7.6 नंतर त्यांनी वर्ष-महिन्याचे नंबर सुरू केले, म्हणून आकडा एवढा उडी मारतो).

नवीन टाकायला सुडो, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणं, करून बघितलं तर तुझं नाव यादीत नाही, ही घटना रिपोर्ट केली जाईल असं आलं. म्हटलं कर बाबा रिपोर्ट, ज्यांना करायचा ते सर गावी लग्नाला गेलेत.

आधी ॲपइमेज आणली, कारण सगळे तेच सांगतात, एकच फाइल, एक्झिक्युटेबल करा आणि चालवा. नाही चालली. तिला लागणारी लिबफ्यूज-2 ही लायब्ररी 22.04 मध्ये आधीपासून नसते आणि ती टाकायला परत सुडोच! ॲपइमेज एक्स्ट्रॅक्ट करूनही चालवता येते, पण तोवर माझं डोकं फिरलं होतं, त्यामुळे सरळ लिब्रेऑफिसची डेबवाली टार फाइल (उबुंटूच्या पॅकेजांचा गठ्ठा) उतरवली, 200 एमबीच्या आसपास.

आता डीपीकेजी ही पॅकेज टाकायची कमांड, तिच्या मायनस आय ला रूट (ॲडमिन) लागतो, कारण ते सिस्टिमच्या फोल्डरांत लिहितं. मायनस एक्स ला लागत नाही, ते नुसतं पॅकेज उघडून आतला माल तुम्ही सांगाल तिथे ओततं. डेब्स फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींवर फॉर लूप फिरवला, म्हणजे तीच कमांड एकेकीवर चालवली, माल होममधल्या एका फोल्डरात, आणि त्यातल्या ऑप्टच्या आत प्रोग्राम फोल्डरमध्ये एसऑफिस, म्हणजे ऑफिस उघडणारी फाइल, तयार. मराठी लँग्वेज पॅक वेगळा मिळतो, तोही असाच त्याच जागी ओतला.

चालवलं तर उघडलं 7.3च! अर्धा तास गेला यात. झालं असं की जुनं कॅल्क मागे उघडं होतं, आणि दोघांचं प्रोफाइल (सेटिंग ठेवायचा फोल्डर) एकच, होममधल्या डॉट-कॉन्फिगमधलं लिब्रेऑफिस-4. प्रोफाइल तेच असलं की नवीन प्रोग्राम आधीच चालू असलेल्याला काम देऊन स्वतः गप बसतो. प्रोग्राम फोल्डरमध्ये बूटस्ट्रॅप-आरसी नावाची फाइल असते, तिच्यातल्या यूझर-इन्स्टॉलेशनच्या ओळीत शेवटचा 4 काढून दुसरं नाव दिलं. मग दोन्ही शेजारी शेजारी चालायला लागले, सेटिंगही एकमेकांच्यात मिसळत नाहीत.

फॉन्टलासुद्धा परवानगी लागत नाही हे खूप जणांना माहीत नसतं. होममध्ये डॉट-लोकल, शेअर, फॉन्ट्स असा फोल्डर करायचा, त्यात टाकायचे. मी मुंबईच्या एक टाइपवाल्यांचा मुक्ता टाकला, फुकट आहे आणि मराठी नोटीस छान दिसते. विंडोजच्या मंगल फॉन्टमध्ये आलेल्या फाइलींच्या ओळी मात्र अजून इकडेतिकडे सरकतात.

अपडेट आपल्यालाच बघावं लागणार, एपीटीला (उबुंटूचं अपडेट करणारं) याचा पत्ताच नाही. सर सोमवारी येतील तेव्हा सांगेन, तोवर मार्क भरून झालेत.