महीकाठी तंबू, दिवसभर बडोदा: सायकलने कसं फिरावं

बडोद्याजवळ सिंधरोटला मही नदीच्या बाजूला मुक्काम आणि दिवसभर सायकलवर बडोदा, ही फेरी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच करावी. जाऊन-येऊन आणि शहरातलं फिरणं धरून साधारण 40 ते 45 किलोमीटर होतात. रस्ता सपाट आहे, त्यामुळे बिनगिअरची सायकलही चालते. फक्त सोमवार टाळा. लक्ष्मीविलास राजवाडा आणि महाराजा फतेहसिंह संग्रहालय दोन्ही त्या दिवशी बंद असतात.

तंबू पात्रात किंवा वाळूवर लावू नका. वरच्या बाजूला कडाणा आणि वणाकबोरी ही धरणं आहेत, तिकडून पाणी सोडलं की पात्र चढतं. कोतरांची (काठाला पडलेल्या घळींची) कडाही नको, तिथली माती भुसभुशीत आहे आणि कधीही ढासळते. बरंच आत, काढणी झालेल्या शेतात, मालकाला विचारून बांधालगत जागा घ्यावी. दोघांना संध्याकाळ-सकाळ मिळून 10 लिटर पाणी लागतं. दव इतकं पडतं की तंबूचा वरचा पडदा सकाळी निथळत असतो. रात्री सीटवर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, आणि निघताना चेन फडक्याने पुसून तेलाचे थेंब सोडा.

खरा त्रास वेडी बाभूळ देते. शेतवाटेवर तिचे काटे पडलेले असतात, म्हणून डांबरी रस्ता लागेपर्यंत सायकल हातात धरून न्या. पंक्चर झालंच तर नुसती ट्यूब बदलून चालत नाही. टायर आतून बोटांनी चाचपून काट्याचं टोक शोधून काढा, नाहीतर नवी ट्यूब शंभर पावलांवर बसते. 35 मिमीच्या टायरमध्ये 50 ते 60 पीएसआय हवा पुरते. तुमच्या ट्यूबला प्रेस्टा (बारीक तोंडाचा) व्हॉल्व्ह असेल तर पितळी अॅडॅप्टर खिशात हवाच, कारण रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पंपाचं तोंड त्यावर बसत नाही.

उजाडताच निघा. सेवासी, गोत्री, रेसकोर्स, अलकापुरी या रस्त्याने स्टेशनजवळचं गरनाळं, म्हणजे रुळांखालचा रस्ता, गाठायचं. ते अरुंद आहे आणि ऑफिसच्या वेळेला तुंबतं, म्हणून सव्वाआठच्या आत पार करा.

पलीकडे गेल्यावर आधी कमाटी बाग लागते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. आमच्या मते हा क्रम चुकीचा आहे. बाग मागे टाकून सरळ रावपुऱ्यातून जुन्या शहराच्या मधोमध असलेली मांडवी गाठा. मांडवीच्या चारही बाजूंना रस्ते फुटतात, ते पाणीगेट, चांपानेर दरवाजा, गेंडीगेट आणि लहेरीपुरा या चार दरवाजांकडे जातात. दुकानं उघडण्याआधी ही चौकट सायकलवर निवांत फिरता येते. साडेदहानंतर तिथे सायकल ढकलतच न्यावी लागते. न्याहारीला सेव-उसळ घ्या. तरी वेगळी मागून बेताबेताने घाला, अजून बराच पल्ला बाकी असतो.

परत येताना रावपुऱ्यात तांबेकर वाडा बघा. भाऊ तांबेकर हे गायकवाडांचे दिवाण, त्यांचा हा लाकडी वाडा. वरच्या मजल्यांवरच्या भिंतींवर पुराणकथांच्या शेजारी इंग्रज-मराठा लढाईही रंगवलेली आहे. फ्लॅश वापरू नका. पुढे विश्वामित्री नदीजवळ कीर्तिमंदिर, गायकवाडांचं स्मारक. आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत: गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा, महाभारताचं युद्ध. मराठी माणसाने बडोद्यात काही चुकवू नये असं असेल तर ही दोन ठिकाणं.

आता साडेदहा-अकरा झालेले असतात, आणि विश्वामित्री बघण्याची वेळ हीच. ऊन अंगावर घ्यायला मगरी याच सुमाराला काठावर येतात, पहाटे पुलावर उभं राहून काहीच दिसत नाही. काळा घोडा पुलाच्या फुटपाथवर सायकल कठड्याला टेकवा आणि आधी मगर नाही, चिखलाचा उतार शोधा. वापरातला उतार गुळगुळीत असतो, मधोमध शेपटी घासल्याची चर असते. पाठीवरचा चिखल वाळला की मगर ओंडक्यासारखी राखाडी दिसते. तोंड उघडं असेल तर ती चवताळलेली नसते, अंगातली उष्णता बाहेर टाकत असते. काठावर मात्र कुठेही उतरू नका. फेब्रुवारीपासून माद्या अंडी घालतात आणि घरट्याची राखण करतात. फोटो पुलावरूनच काढा.

दुपारचं ऊन कमाटी बागेत काढा. 1879 साली सयाजीराव महाराजांनी ही बाग लोकांना दिली. तिथल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी आहे. सायकल फाटकाशी लावून चाक आणि फ्रेम दोन्हींतून साखळी घाला. त्यानंतर राजवाडा. फतेहसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. राजवाडा आणि हे संग्रहालय यांतून एकच करायचं झालं तर आमची पसंती या चित्रांना.

परतीला दांडिया बाजारातून अकोटा पूल घ्या. त्यावर सौर पॅनेलचं छत असल्याने सावली मिळते. सेवासीची विद्याधर वाव (पायऱ्यांची विहीर) परतीच्या रस्त्यावरच आहे. पायऱ्या झिजलेल्या आहेत, क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट काढून उतरा.

डिसेंबरअखेर ते उत्तरायण (मकरसंक्रांत) या काळात येणार असाल तर मानेला जाड मफलर गुंडाळा. पतंगाचा मांजा रस्त्यावर आडवा येतो आणि दिसत नाही. स्थानिक दुचाकीवाले हँडलसमोर कमानीसारखी सळई बसवतात, सायकललाही ती बसते. सेवासीहून साडेपाचच्या आत निघा. सिंधरोटच्या रस्त्यावर मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. तुमचा मागचा लाल दिवा सेवासीलाच चालू करा, आणि पुढचा दिवा निदान दोन तास चालेल इतका चार्ज केलेला असू द्या.