ब्रिमर स्ट्रीटवरचा लेंट

बॉस्टनच्या बीकन हिल टेकडीवरून उतरून, चार्ल्स स्ट्रीट ओलांडून नदीच्या दिशेने निघाले की माउंट व्हर्नन स्ट्रीट आणि ब्रिमर स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे एक चर्च लागते. त्याचे नाव चर्च ऑफ दि ॲडव्हेंट. हा भाग एके काळी चार्ल्स नदीच्या पात्रात होता. भराव टाकून तयार केलेल्या त्या जमिनीवर वास्तुविशारद जॉन हबर्ड स्टर्जिस यांनी १८७० च्या दशकात ही इमारत उभारायला घेतली आणि पुढच्या दशकाच्या अखेरीस ती पुरी झाली. माझी मुलगी नदीपलीकडे केंब्रिजमध्ये नोकरीला आहे. तिच्याकडे राहायला गेले असताना लेंटचा, म्हणजे भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार वगळून मोजायच्या चाळीस दिवसांचा, उपवासकाळ मला या मंडळीत, म्हणजे या चर्चच्या उपासकांच्या समुदायात, घालवता आला. तेथे जे पाहिले आणि हातांनी केले, ते आपल्याकडील मंडळ्यांतील माणसांपर्यंत पोहोचावे अशी मनापासून इच्छा आहे.

हेच चर्च निवडण्यामागे पुण्याचा धागा आहे. मी गुरुवार पेठेतील पंचहौद मंडळीत वाढले. इतर पुणेकरांना पंचहौद मिशन माहीत असते ते १८९० सालच्या चहामुळे: टिळक, रानडे प्रभृती तेथे व्याख्यानाला गेले, चहा-बिस्किटे पुढे आली, उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापली गेली आणि प्रायश्चित्ताचा वाद शंकराचार्यांपर्यंत पोहोचला. आमच्या घरी मात्र पंचहौद म्हटले की काउली फादरांच्या गोष्टी निघत. काउली फादर म्हणजे ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे १८६६ मध्ये रिचर्ड म्यू बेन्सन यांनी स्थापन केलेल्या ‘सोसायटी ऑफ सेंट जॉन दि इव्हँजेलिस्ट’ या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील, संन्यासी संघाचे सदस्य. बेन्सन यांच्याबरोबर संघाचा पाया घालणाऱ्यांपैकी चार्ल्स ग्राफ्टन हे अमेरिकन होते आणि १८७२ पासून १८८८ पर्यंत ते याच ॲडव्हेंटचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, होते. आमच्या आजीला प्रार्थना शिकवणाऱ्या फादरांचे गुरुबंधू ज्या वेदीपाशी उभे राहत असत, ती वेदी पाहण्याची ओढ मला होती.

ॲडव्हेंट ज्या एपिस्कोपल चर्चचा भाग आहे, ते अँग्लिकन परंपरेचे अमेरिकेतील रूप आहे. स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणे तेथील लोकांना शक्य नव्हते, म्हणून १७८९ मध्ये या चर्चने आपली स्वतंत्र घडी बसवली. आमचे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये एकत्रीकरणातून उभे राहिले आणि तेही अँग्लिकन चर्चांच्या जागतिक सहभागितेत आहे, त्यामुळे मला परक्यासारखे वाटले नाही. ॲडव्हेंटची मंडळी स्थापन झाली १८४४ मध्ये. त्या काळी बॉस्टनच्या चर्चमध्ये बाके भाड्याने दिली जात. या मंडळीने पहिल्यापासून सर्व जागा विनामूल्य ठेवल्या, म्हणजे मजूर आणि व्यापारी शेजारी बसू शकतील. वेदीवर क्रूस आणि मेणबत्त्या ठेवल्याचे तेव्हाचे बिशप मॅन्टन ईस्टबर्न यांना इतके खटकले की दृढीकरणासाठी, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांना विश्वासात पक्के करण्याच्या बिशपांच्या विधीसाठीसुद्धा, ते कित्येक वर्षे इकडे फिरकले नाहीत. आज या मंडळीच्या वेदीपुढे धूप दरवळतो आणि उपासना जुन्या वळणाच्या इंग्रजीत चालते.

भस्म बुधवारी रस्त्यांच्या कडेला बर्फाचे काळपट ढीग साचलेले होते. जवळच्या मोठ्या रुग्णालयातील परिचारिका गणवेशातच आल्या होत्या आणि कचेऱ्यांतील माणसे गळ्यात ओळखपत्र अडकवून रांगेत उभी होती. तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस हे स्मरणात ठेव, असे म्हणत पाळकांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला. ही राख मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, वाटलेल्या झावळ्यांची असते. घरोघरी तसबिरींमागे खोवून ठेवलेले वाळलेले झावळीचे क्रूस लोक आदल्या आठवड्यांत आणून देतात, आणि मंडळीतीलच माणसे ते जाळून, कुटून, राख वस्त्रगाळ करतात. पहिल्या रविवारी महालितानी गात सर्व मंडळी चर्चमध्ये प्रदक्षिणा घालते. थॉमस क्रॅनमर यांनी १५४४ मध्ये रचलेली ही विनवणी इंग्रजी भाषेतील पहिली अधिकृत उपासना होय. युद्ध, दुष्काळ आणि अकस्मात मरण यांपासून सोडव, असे गात म्हातारी माणसे काठी टेकत चालत होती, तेव्हा शब्दांचे वय जाणवत नव्हते.

येथवरचे सारे कोणत्याही पाहुण्याला बाकावर बसून दिसू शकते. मला सांगायचे आहे ते बाकामागचे. या मंडळीत पाळक मोजके आणि कामे अनंत; वेदीची तयारी, पाठवाचन, दारात उभे राहून स्वागत, आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजन पोहोचवणे, उपासनेनंतरची कॉफी, हिशेब, गरिबांचे जेवण, हे सगळे पगार न घेणारी माणसे करतात. कारभार व्हेस्ट्री नावाच्या समितीचे निवडून आलेले सदस्य आणि वॉर्डन, म्हणजे मंडळीतीलच प्रमुख, पाहतात. नवा रेक्टर हवा असेल तर मंडळीच त्याचा शोध घेते आणि बिशपांची संमती मिळवते. आमच्याकडे प्रेसबिटरची, म्हणजे पाळकाची, नेमणूक बिशप करतात, त्यामुळे आलेल्या माणसाकडून सर्व अपेक्षा आणि आपल्याकडे फक्त मत, अशी सवय कित्येक मंडळ्यांना जडली आहे. व्यवस्थेतील हा फरक स्वभावातही उतरतो असे मला वाटते.

मी दोन ठिकाणी काम मागितले आणि दोन्ही ठिकाणी ते लगेच मिळाले. पहिले आल्टर गिल्डमध्ये. वेदीचे कापड, पात्रे, मेणबत्त्या यांची देखभाल करणारा हा गट असतो आणि त्याचे राज्य सॅक्रिस्टी नावाच्या, कपाटांनी भरलेल्या खोलीत चालते. लेंटमध्ये फुले नसतात, वेदीवर जांभळी वस्त्रे येतात, ‘हालेलुया’ हा शब्द उपासनेतून वगळला जातो, आणि पुढे क्रूस व मूर्ती जांभळ्या कापडाने झाकल्या जातात. ही झाकणे तपासून उसवलेल्या जागी टाके घालणे हे माझे पहिले काम होते. दुसरे काम कॉर्पोरलचे. कॉर्पोरल म्हणजे प्रभुभोजनाच्या पात्रांखाली अंथरायचा पांढऱ्या लिननचा चौकोन. त्यावर भाकरीचा एखादा कण राहिलेला असू शकतो, म्हणून तो कधी झटकायचा नसतो. पहिल्यांदा खळबळलेले पाणी मोरीत न सोडता बाहेर मातीत ओततात. मग कापड धुवून, दमट असतानाच इस्त्री करायची आणि आतल्या बाजूला दुमडत उभ्या तीन, आडव्या तीन अशा पदरांत घडी घालायची; उलगडल्यावर नऊ सारखे चौकोन दिसले पाहिजेत. मला हे शिकवणाऱ्या बाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून इस्त्री कडेकडून मध्याकडे फिरवायला लावली आणि घडीच्या रेषेवर नख ओढून ती पक्की केली. आईने पैठणीची घडी मोडताना जी काळजी घ्यावी, तीच त्या बोटांत होती. पितळी मेणबत्तीदानांवरचे मेण गरम पाण्यात सोडवताना त्यांनी मला सांगितले की हे काम त्यांना सासूने दिले आणि आता त्यांची नात शनिवारी येते.

या चर्चच्या वेदीमागील कोरीव दगडी पडदा इझाबेला स्टुअर्ट गार्डनर यांचे दान आहे. बॉस्टनमधील ज्यांचे कलासंग्रहालय १९०३ मध्ये खुले झाले, त्याच या बाई. अफाट श्रीमंतीत वावरणारी ही स्त्री लेंटमध्ये प्रायश्चित्त म्हणून चर्चच्या पायऱ्या गुडघ्यांवर बसून घासत असे, असे येथे सांगतात. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या जन्मदिवशी, १४ एप्रिलला, संग्रहालयाच्या छोट्या प्रार्थनागृहात दरवर्षी स्मरणार्थ उपासना होते. दानाची पाटी भिंतीवर राहते हे खरे, पण मला पायऱ्यांची गोष्ट अधिक मोलाची वाटली, कारण त्या पायऱ्या आजही कुणीतरी घासतेच. मीठ आणि बर्फाचा चिखल बुटांबरोबर आत येतो आणि पाळी ज्याची असेल तो फडके घेऊन वाकतो.

मी काम मागितले ते दुसरे ठिकाण मंगळवारच्या जेवणाचे. दर मंगळवारी संध्याकाळी चर्चमध्ये बेघर आणि भुकेल्या माणसांना गरम जेवण वाढले जाते. येणाऱ्यांना ‘गेस्ट’ म्हणतात आणि तसेच वागवतात: ते टेबलाशी बसतात आणि वाढणारे ताट घेऊन त्यांच्याकडे जातात. केसांना जाळी, हातांत मोजे, आणि समोर कांदे, गाजरे, बटाटे यांचे डोंगर. माझ्या एका बाजूला वकील उभे होते, दुसऱ्या बाजूला विद्यापीठातील मुलगी, आणि मोठी पातेली सांभाळणारे गृहस्थ तर पूर्वी स्वतः टेबलापलीकडे बसत असत. कुणाला काय झाले, घर का गेले, हे विचारायचे नाही, नाव मात्र विचारायचे आणि लक्षात ठेवायचे, अशी सूचना मिळाली होती. एक गृहस्थ जेवून उठताना दोन पाव कागदी रुमालात बांधून घेत. त्यांचा मित्र सर्वांच्या पिशव्यांची राखण करत बाहेर थंडीत थांबलेला असे. काही आठवड्यांनी पाहिले तर वाढणाऱ्यांपैकी कुणीतरी एक भरलेला डबा दाराशी आधीच ठेवू लागले होते. त्याबद्दल कुणी काही बोलले नाही.

हे सारे चालते ते पाळ्यांच्या तक्त्यावर. भिंतीवर आणि संगणकावर आठवड्यांचे चौकोन आखलेले असतात, त्यांत नावे असतात, आणि येता येणार नसेल तर बदली माणूस शोधणे ही ज्याची त्याची जबाबदारी. सुरुवातीला मला हे जरा कोरडे वाटले होते. आपल्याकडे सेवा अंतःकरणाच्या उमाळ्यातून व्हावी असे मानतात, आणि नाताळात किंवा शुभ शुक्रवारी तो उमाळा खरोखर येतोही. परंतु उपाशी माणसाला मार्चमधल्या एखाद्या साध्या, बर्फाळ मंगळवारीही भूक लागते. तेव्हा उमाळा नसतो, तक्ता असतो. स्वयंपाकघराची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंचे म्हणणे असे की पैसे देणारे मिळतात, दुपारी चारला येऊन बटाटे सोलणारे टिकवावे लागतात. लेंटमध्ये चॉकलेट किंवा मद्य सोडणारे तेथेही पुष्कळ आहेत, पण या मंडळीत मी ज्यांना ओळखू लागले त्यांनी मुख्यतः आपली एक ठरलेली संध्याकाळ सोडलेली होती. हा उपवास मला पटला.

आपल्याकडचे एक मात्र मला तेथे सतत आठवत राहिले. लेंटमध्ये आमच्याकडे संध्याकाळी घरोघरी प्रार्थना होतात, पेटी आणि टाळ घेऊन माणसे एकमेकांच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसतात, नारायण वामन टिळकांची पदे गातात आणि जाताना शेजारच्या आजारी माणसाला भेटून जातात. बॉस्टनमध्ये लोक चर्चमध्ये जिव्हाळ्याने भेटतात, परंतु एकमेकांच्या घरचा उंबरा सहसा ओलांडत नाहीत. तो जिव्हाळा आपण टिकवावा आणि त्याला त्यांच्याकडचा तक्ता जोडावा, असे मला तळमळीने वाटते.

मधल्या एका दुपारी नदीकाठाने चालत मेमोरियल ड्राइव्हवरील काउली बंधूंच्या मठात गेले. राल्फ ॲडम्स क्रॅम यांनी आखलेली ती दगडी वास्तू हार्वर्डपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि बाहेर वाहनांची वर्दळ असूनही आत बंधूंची सायंप्रार्थना संथपणे चालते. मी पुण्याहून, पंचहौदहून आले असे सांगितल्यावर एका बंधूंनी ते नाव लगेच ओळखले. आमच्या चर्चच्या मनोऱ्यातील आठ घंटांविषयी आम्ही बोललो, कारण ॲडव्हेंटच्या मनोऱ्यातही आठच आहेत, आणि तेथे दोर ओढणाऱ्यांत केंब्रिजमधील एमआयटी या विद्यापीठाच्या घंटावादक मंडळातील विद्यार्थी असतात. तीही सेवाच, बिनपगारी आणि पाळीची.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी सभागृहात लांब टेबलांवर झावळीच्या चिंचोळ्या पात्यांचे भारे पडले होते आणि लहान मुले मोठ्यांना क्रूस दुमडायला शिकवत होती. पवित्र आठवड्यात तक्ता सर्वांत दाट भरतो. गुरुवारी संध्याकाळी पाळकांनी गुडघे टेकून मंडळीतील माणसांचे पाय धुतले. मग वेदीवरचे एकेक वस्त्र, मेणबत्त्या, पात्रे उचलून नेण्यात आली, आणि आम्ही आल्टर गिल्डच्या बायका दाराआड उभ्या राहून ती हातोहात झेलत होतो. त्यानंतर रात्रभर जागर असतो. ‘तुम्हांला एक तासही माझ्याबरोबर जागे राहता आले नाही काय?’ हा येशूचा प्रश्न मनात धरून लोक तासातासाच्या पाळ्या घेतात. मी आणि मुलीने पहाटे तीनचा तास घेतला. बीकन हिलवर अजून गॅसचे दिवे जळतात. त्या उजेडात विटांच्या पदपथावरून आम्ही गेलो तेव्हा आधीच्या तासाचे वृद्ध दांपत्य उठायच्या तयारीत होते, आणि आमच्यानंतरचा तरुण रात्रपाळी संपवून थेट आला होता. शुभ शुक्रवारच्या सकाळपर्यंत एकही तास रिकामा गेला नाही.

ईस्टरच्या रात्री अंधारात नवा अग्नी पेटला, हालेलुया परत आला आणि लिलींनी वेदी भरून गेली. सोमवारी आम्ही सॅक्रिस्टीत सांडलेले मेण खरवडले, जांभळी वस्त्रे ऊन दाखवून पेटीत ठेवली. मंगळवारी जेवण नेहमीप्रमाणे होते. सणानंतर मदतीला येणाऱ्यांची संख्या रोडावते हे ठाऊक असल्याने त्या दिवसाचे चौकोन दोन आठवडे आधीच भरून घेतले होते. कांद्यांपुढे माझे नाव होते, आणि माझ्या परतीच्या तारखेनंतरच्या मंगळवारी त्याच चौकोनात माझ्या मुलीचे.