कॅथेटरही, काढाही

कमरेतली गादी सरकली आणि मज्जारज्जूच्या टोकाला असलेल्या नसांच्या जुडग्यावर दाब आला. डॉक्टर याला ‘कॉडा इक्वायना सिंड्रोम’ म्हणतात. ऑपरेशन झालं, पाय हळूहळू ताळ्यावर आले, काठी सुटली. भेटायला येणारे म्हणायचे, “बाई, बऱ्या झालात की!” पण लघवी सुटत नव्हती. ओटीपोट टम्म फुगायचं, तरी लघवी लागल्याची जाणीवच व्हायची नाही. बैठकीची सगळी जागा बधिर होती. चालता येणाऱ्या बाईला असलं काही असेल, हे कुणाच्या ध्यानात येत नाही आणि आपल्यालाही ते बोलवत नाही. माझ्यासारख्या अनेकजणी गप्प राहून किडनीचं नुकसान करून घेतात, म्हणून हे मोकळेपणाने लिहिते आहे.

आधी युरोडायनॅमिक तपासणी झाली. मूत्राशय भरताना आणि रिकामं होताना आत किती दाब असतो, ते त्यात कळतं. माझ्या मूत्राशयाचा स्नायू ढिला पडला होता. भरेल तेवढं भरायचं आणि मग थेंब थेंब गळायचं. मानेला किंवा पाठीत वर मार बसलेल्यांचं बहुधा उलट असतं. स्नायू अवेळी आवळतो, त्याच वेळी खालचं दारही मिटतं आणि वाढलेला दाब किडनीपर्यंत जातो. दोघांनाही “लघवीचा त्रास” असतो, पण एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. आयुर्वेदाकडे जायच्या आधीही ही तपासणी हातात असावी, असं माझं ठाम मत आहे.

युरोलॉजी, म्हणजे मूत्रविकारांच्या विभागातल्या सिस्टरांनी मला स्वतः कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची बारीक नळी, मूत्रमार्गातून घालायला शिकवलं. समोर छोटा आरसा, पाय फाकवून बसायचं, १२ नंबरचा नेलॅटन कॅथेटर, पाण्यात विरघळणारी जेली. लघवी पूर्ण आली की काढून टाकायचा. अमेरिकेतले डॉ. जॅक लॅपिडिस यांनी ही पद्धत १९७२ मध्ये मांडली. हात साबणाने स्वच्छ धुतलेले असले तरी पुरतं, मूत्राशय वेळेवर पूर्ण रिकामं होणं जास्त महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं होतं. दर ४ ते ६ तासांनी लघवी काढायची आणि एका वेळी ४०० ते ५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही, हे सिस्टरांनी माझ्याकडून घोकून घेतलं. शाळेत मधल्या सुट्टीची वेळ मी त्यासाठीच ठेवली. मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगितलं आणि शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली मागून घेतली.

आयुर्वेदाकडे नेलं माझ्या नणंदेने. तिच्या माहितीतल्या वैद्यबाईंकडे गेलो, तर नाडी बघण्याआधी त्यांनी सोनोग्राफी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) मागितलं. मी तिथेच विश्वास टाकला. हृदय, शिर आणि बस्ती ही तीन मुख्य मर्मं, म्हणजे शरीरातल्या जपायच्या नाजूक जागा, त्यातली बस्ती म्हणजे मूत्राशय, आणि तिथे हलगर्जीपणा चालत नाही, असं त्या म्हणाल्या. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात मूत्राच्या विकारांचे १३ प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या मूत्रजठराचं वर्णन, म्हणजे लघवी अडून फुगलेलं ओटीपोट, त्यांनी वाचून दाखवलं तेव्हा मला माझंच पोट आठवलं. पण पुढे त्यांनी जे सांगितलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. “तुटलेली नस मी जोडू शकत नाही. अपानाचं, म्हणजे मल-मूत्र बाहेर टाकणाऱ्या वायूचं, काम सुधारायला मदत करीन. कॅथेटर चालूच राहील, आणि बंद करायचा झाला तर ते तुमचे युरोलॉजिस्ट ठरवतील.”

सुरुवात त्यांनी पोटापासून केली. नसांच्या अशा दुखापतीत बहुधा बद्धकोष्ठ असतो आणि भरलेलं मलाशय मूत्राशयावर दाबतं. माझं तेच होत होतं. त्यांनी तेलाची मात्राबस्ती दिली, म्हणजे गुदमार्गाने थोडं औषधी तेल. जेवणात मऊ भात, तूप, ताजं ताक आणि पावसाळ्यात घेटुळीची भाजी. पोट ठरल्या वेळी साफ व्हायला लागलं, तसं दोन कॅथेटरच्या मधलं गळणं स्पष्ट कमी झालं. मला आयुर्वेदाचा सगळ्यात खरा गुण इथे आला.

गोखरू आणि पुनर्नव्याचा काढा दिला तेव्हा त्यांनी वेळापत्रकही बदलायला लावलं. ही औषधं लघवी वाढवतात. ज्याचं मूत्राशय आपोआप रिकामं होत नाही, त्याला वाढलेली लघवी म्हणजे वाढलेला ताण. म्हणून काढा फक्त सकाळी, त्यानंतरचा कॅथेटर लवकर आणि दिवेलागणीनंतर काढा नाही. किती प्यायले, किती निघाली, याची मी वही ठेवली. त्या वहीवरून त्यांनी मात्रा ठरवली. चंद्रप्रभा वटीत लोहभस्म, माक्षिक भस्म आणि क्षार असतात, त्यामुळे ती त्यांनी क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहूनच सुरू केली आणि युरोलॉजिस्टना कळवायला सांगितलं.

दोन गोष्टींना त्यांनी साफ नकार दिला. एक, उत्तरबस्ती. मूत्रमार्गातून औषधी तेल आत सोडायचं हा उपचार, संसर्गाचा धोका असलेल्या आणि जाणीव नसलेल्या मूत्राशयावर करणार नाही म्हणाल्या. दुसरी, गरम तेलाची कटीबस्ती. उडदाच्या पिठाचं कडं करून कमरेवर तेल ठेवतात, अनेकांना त्याने बरं वाटतं. पण बधिर कातडीला चटका कळत नाही, फोड आल्यावरच दिसतो. माझ्या कमरेला फक्त कोमट तेल, तेही नणंदेने स्वतःच्या मनगटावर तपासून, आणि बधिर भागाला शेक अजिबात नाही. ज्यांना शेकायची पिशवी घ्यायची सवय आहे त्यांनी हे कृपा करून लक्षात ठेवा.

एका जाहिरातीतल्या नंबरावर माझ्या मिस्टरांनी फोन केला होता. पलीकडच्या माणसाने तपासण्या न पाहताच कॅथेटर फेकून द्यायला सांगितलं, काही महिन्यांचा कोर्स सांगितला आणि ओटीपोट हाताने दाबून लघवी काढायचा सल्ला दिला. तसं दाबल्याने आतला दाब वाढून लघवी उलटी किडनीकडे जाऊ शकते. माणसं आशेवर जगतात, आणि त्या आशेचा असा धंदा केलेला पाहून मला फार संताप येतो.

माझं मूत्राशय अजून आपोआप रिकामं होत नाही. कॅथेटर चालू आहे. संसर्ग पूर्वीपेक्षा कमी होतो. नियमित कॅथेटर, बेतशीर पाणी, साफ पोट आणि औषध यांपैकी कशामुळे किती, हे वैद्यबाईही सांगत नाहीत. कॅथेटर वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू बहुधा सापडतातच, नुसत्या रिपोर्टवरून दर वेळी अँटिबायोटिक लागत नाही, हे मला दोन्हीकडून सारखंच सांगितलं गेलं. पण जळजळ मला कळत नाही, म्हणून ताप, हुडहुडी, लघवी अचानक गढूळ होणं किंवा एकाएकी जास्त गळणं यांवर माझं लक्ष असतं. असं झालं की काढा थांबवायचा आणि त्याच दिवशी युरोलॉजिस्टकडे जायचं. नणंदेने हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून, दोघांचे फोन नंबर घालून, औषधांच्या कपाटाला चिकटवलं आहे.