बाईंची वही आणि तिसरा रकाना

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव असा ग्रुपवर निरोप आला आणि मी लगेच हो म्हटलं, कारण मला लिहायचंय ते एकाच व्यक्तीबद्दल, आपल्या गणिताच्या बाईंबद्दल. बाकी शाळेबद्दल इतर जण लिहितीलच, गॅदरिंग, स्पोर्ट्स, निकाल वगैरे, मी त्यात पडत नाही. बाईंचं नाव लिहायची गरज नाही, त्या काळातल्या कुणालाही नुसतं 'बाई' म्हटलं की कळतं. शुक्रवारी मधल्या सुट्टीत लायब्ररीच्या मागच्या खोलीत त्या विद्यार्थ्यांचा ख्रिस्ती प्रार्थना गट घ्यायच्या, आणि मी आज जे काही काम करते त्याचं सगळं मूळ त्या खोलीत आहे.

गटाला यायचं ते कुणी जबरदस्तीने नाही. कुणी परीक्षेच्या भीतीने यायचं, कुणी मैत्रिणीसोबत, कुणी नुसतं कुतूहल म्हणून. शिबिरांना जाऊन आलेली मुलं मोठ्या आवाजात, शास्त्रातले अवघड शब्द वापरून लांबलचक प्रार्थना करायची आणि आम्हा बाकीच्यांना वाटायचं की आपल्याला हे जमणार नाही. बाईंनी पहिल्यांदा हीच भीती काढली. एका वेळी एकच गोष्ट मागायची, साध्या बोलीत, आणि आमेन. देवाला बातम्या द्यायच्या नाहीत, त्या त्याला माहीत आहेत. डोळे मिटून शेजारच्याला उपदेश करायचा नाही. आणि सगळ्यात कडक नियम, प्रार्थनेची विनंती म्हणून कुणाची चहाडी करायची नाही! "तिच्यासाठी प्रार्थना करा, ती हल्ली कुणाबरोबर फिरते माहितीये ना" असं कुणी सुरू केलं की बाई तिथेच थांबवायच्या. आज इतकी वर्षं विद्यार्थ्यांमध्ये काम केल्यावर सांगते, प्रार्थना गट मोडतात ते बहुतेक वेळा याच कारणाने.

एकदा एका मुलाने विचारलं, बाई, देवाला सगळं आधीच माहीत असतं तर मागायचं कशाला? हा प्रश्न मला आजही दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. बाईंनी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडायला लावला. तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला तुमच्या गरजा माहीत आहेत हे येशू आठव्या ओवीत सांगतो, आणि लगेच नवव्या ओवीत म्हणतो की म्हणून तुम्ही अशी प्रार्थना करा. म्हणजे ज्या गोष्टीवरून आपण प्रार्थनेची गरजच नाही असं म्हणतो, तीच गोष्ट येशूने प्रार्थना शिकवायला आधार म्हणून घेतली. बाई म्हणाल्या, जाणणारा बाप आहे म्हणून तर त्याच्याशी निर्धास्त बोलता येतं, नाहीतर आधी त्याला पटवण्यातच सगळा वेळ गेला असता. मग प्रभूची प्रार्थना वाचून घेतली आणि दाखवलं की त्यात आधी त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा येते आणि भाकर त्यानंतर. पण भाकर येतेच, हे त्या आवर्जून सांगायच्या. पोटाची काळजी देवाला सांगायला कुणी लाजू नये असं त्यांना फार वाटायचं.

परीक्षेच्या दिवसांत गटाला गर्दी व्हायची. तेव्हा बाई बायबलमधल्या नहेम्याची गोष्ट काढायच्या, यरुशलेमचा कोट बांधताना शत्रू चाल करून येणार असं कळल्यावर त्या लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला. त्यामुळे प्रार्थना झाली की त्या तिथेच गणिताचं पुस्तक काढायला लावायच्या. गणिताच्याच बाई त्या, दुसरं काय करणार, पण त्यातला मुद्दा आमच्या अंगात भिनला, की देवावर भरवसा आहे म्हणून हातपाय हलवायचे थांबत नाहीत.

जॉर्ज म्युलरबद्दल पण त्यांच्याकडूनच कळलं. ब्रिस्टलमध्ये १८३६ मध्ये अनाथ मुलांसाठी काम सुरू करणारा, कुणापुढे पैशासाठी हात न पसरता फक्त देवाकडे मागणारा माणूस, ही गोष्ट संडेस्कूलमध्ये सगळ्यांनीच ऐकलेली असते. बाई मात्र दुसऱ्याच दोन गोष्टी सांगायच्या. एक म्हणजे म्युलर आलेल्या पैशांचा काटेकोर हिशोब ठेवायचा आणि तो छापून प्रसिद्ध करायचा. दुसरी म्हणजे सकाळी उठल्या उठल्या प्रार्थनेला बसलं की त्याचंही मन बराच वेळ इकडेतिकडे भटकायचं, म्हणून १८४१ च्या सुमाराला त्याने क्रम बदलला, आधी बायबलमधलं वचन वाचायचं, त्यावर शांतपणे विचार करायचा आणि त्यातून प्रार्थना आपोआप सुरू होऊ द्यायची. हे ऐकून आम्हाला केवढा धीर आला! इतक्या मोठ्या विश्वासाच्या माणसाचं पण मन भटकायचं. तेव्हापासून आमच्या गटात आधी चार-पाच ओव्या वाचायच्या आणि मग तोंड उघडायचं अशी पद्धतच पडली, आणि माझ्या आताच्या सगळ्या गटांत तीच चालते.

आता वहीबद्दल. बाईंनी गटासाठी एक फुलस्केप वही केली होती, पट्टीने रेघा मारून तीन रकाने, तारीख, विनंती आणि तिसऱ्या रकान्याला नावच नव्हतं. जे घडेल ते तिथे लिहायचं. कुणीतरी शिबिरात शिकून आलं होतं की देवाची उत्तरं तीनच असतात, हो, नाही आणि थांब, तसं लिहूया का म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, बाप लेकरांशी तीनच शब्द बोलतो होय? जे झालं ते नीट लिही.

माझ्या वर्गातली एक मैत्रीण, तिच्या वडिलांची बदली निघाली होती, वर्षाच्या मध्येच. तिला शाळा सोडायची नव्हती आणि आम्हाला तिला सोडायचं नव्हतं. बदली रद्द व्हावी म्हणून आमचा गट दर शुक्रवारी प्रार्थना करायला लागला, काही मुलांनी उपवासही केले, आम्हाला अगदी खात्री होती. बदली काही रद्द झाली नाही. शेवटच्या शुक्रवारी खोलीत कुणी कुणाकडे बघेना, आणि मग एक मुलगा म्हणाला की आपल्यातच कुणाचा तरी विश्वास कमी पडला असणार, कदाचित तिचाच. बाईंना चिडलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं. आवाज चढवला नाही पण खडू टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, जाणाऱ्या पोरीच्या डोक्यावर हे ओझं ठेवायचं नाही. क्रूसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही, त्याचा विश्वास कमी होता का? प्रेषित पौलाने माझ्या शरीरातला काटा काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं आणि त्याला उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे आहे. त्याच्याही विश्वासावर बोट ठेवणार का?

मग त्यांनी तिला वही दिली. तिने तिसऱ्या रकान्यात लिहिलं, "बदली झाली. अजून राग आहे." तोच मुलगा पुढे आला आणि म्हणाला बाई, दुसरं वाक्य खोडूया, हे देवाच्या वहीत बरं दिसत नाही. बाई म्हणाल्या, देवाला तिचा राग चालतो, तुला का चालत नाही? आणि त्यांनी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मोठ्याने वाचलं. ज्यांनी ते वाचलंय त्यांना माहीत असेल, विलापाच्या बहुतेक स्तोत्रांना शेवटी कुठेतरी आशेची ओळ असते, याला नाही, हे अंधाराशीच थांबतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि त्याची सुरुवात देवाला आपला तारणारा म्हणूनच होते. वाचून झाल्यावर त्यांनी एक शब्दही समजावून सांगितला नाही. मैत्रीण रडली, आम्ही पण रडलो, घंटा झाली. ते वाक्य वहीत तसंच राहिलं.

विश्वास म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. बायबलमधल्या शद्रख, मेशख आणि अबेदनगो यांना राजाने मूर्तीपुढे वाका नाहीतर आगीच्या भट्टीत टाकतो असं धमकावलं, तेव्हा ते त्याला म्हणाले की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. त्यांचं हे 'तरी' नंतर मी कितीदा धरून राहिले. माझी आई आजारी होती तेव्हा मला जाऊन रडायला देवाशिवाय जागाच नव्हती, आणि रागावलेलं असताना पण जाता येतं हे मला आधीपासून माहीत होतं ते बाईंमुळे.

आज मी कॉलेजच्या विद्यार्थ्यांमध्ये पूर्णवेळ सेवा करते. आमचे गट आता बऱ्याच कॉलेजांत आहेत आणि मला अभिमान याचा वाटतो की ते मुलंच चालवतात, आम्ही मोठी माणसं मागे बसतो. नवीन मुलांना मी १८०६ ची गोष्ट सांगते, अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेला जमले, वादळी पाऊस आला आणि ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून प्रार्थना करत राहिले. त्यातून चार वर्षांनी अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था उभी राहिली आणि १८१३ मध्ये तिचे मिशनरी मुंबईला पोचले. पाच पोरं होती ती, पदवी पण हातात नव्हती! १८७७ मध्ये केंब्रिजला विद्यार्थ्यांची ख्रिस्ती संघटना झाली तीही विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने, आणि रोजची प्रार्थनासभा हा तिचा कणा होता. विद्यार्थी सेवेचा इतिहास काढा, आधी कुठेतरी चार-पाच जण एका खोलीत प्रार्थनेला बसलेले सापडतात, संस्था आणि ऑफिस नंतर.

म्हणून आताचं काही बघून वाईट वाटतं. प्रार्थनेची विनंती व्हॉट्सॲपवर पडते, दोन मिनिटांत हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते आणि त्यातल्या किती जणांनी खरंच प्रार्थना केली कुणास ठाऊक. शिबिरांत साउंड सिस्टिम भारी, गाणी भारी, पण प्रार्थनेला पाच मिनिटं, ती पण गिटार वाजत असताना. शांत बसायची सवयच गेलीये. मुलांना दोष नाही देत, त्यांना कुणी वही दिलेली नाही आणि कुणी त्यांचा राग ऐकून घेतलेला नाही. बाईंसारखी माणसं सगळीकडे कुठून आणायची?

शाळेतला आपला गट बाई रिटायर झाल्यावर काही वर्षांत बंद पडला असं कळलं. लायब्ररीच्या मागची खोली आता कॉम्प्युटर लॅब आहे, ती राहू दे, मुलांना तिची गरज आहे. पण एखादा वर्ग शुक्रवारच्या मधल्या सुट्टीपुरता मिळाला तर गट पुन्हा सुरू करता येईल, मुख्याध्यापकांना मी तसं पत्र दिलं आहे, आणि पहिलं वर्षभर दर शुक्रवारी यायला मी तयार आहे. आपल्या गटातलं ज्याला जमेल त्याने मला कळवा. आणि बाईंच्या जुन्या वह्या कुणाकडे असतील तर प्लीज त्या फेकू नका, जुबिलीच्या दिवशी घेऊन या, बाई स्वतः येणार आहेत.