मटाराच्या दाण्याएवढं

शाळेत विज्ञानाच्या बाई 'तारुण्यपिटिका' म्हणाल्या की अख्खा वर्ग खुदखुदायचा. मला तेव्हा एकही नव्हती. माझं तारुण्य ट्रान्सहार्बरच्या गाडीसारखं उशिरा आलं. वयाच्या २७व्या वर्षी, थेट हनुवटीवर.

सोळाव्या वर्षी पुटकुळ्या आल्या तर लोक गालात हसतात, सत्ताविशीत इलाज सांगतात. शेजारच्या काकूंना माझं पोट साफ होत नसल्याची शंका. लेडीज डब्यातली मैत्रीण म्हणे टूथपेस्ट लाव. आत्याचं आपलं एकच, "लग्न झालं की जातील गं!" मी लग्न सोडून बाकी सगळं केलं. जांभळी नाक्यावरून मुलतानी माती आणली, आंबेहळद आणली. लिंबाने तर गाल असे चुरचुरले की दोन दिवस ओढणी गुंडाळून गोखले रोडवरून गेले. मग रील्स बघून सात बाटल्या घेतल्या. बाथरूमच्या फळीवर बाबांच्या दाढीच्या ब्रशला जागा उरली नाही.

शेवटी नौपाड्यातल्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. बाटल्यांची यादी ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं. मग एका कागदावर वर्तुळ काढून समजावलं: हार्मोन्समुळे तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, मेलेल्या पेशींनी छिद्र तुंबतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. बायकांना या वयात जबड्याच्या कडेला होणं अगदी नेहमीचं. सातही बाटल्या बंद. साधा फेसवॉश, मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन, सकाळी २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रात्री ०.१ टक्के अडापलीन जेल. मटाराच्या दाण्याएवढं घ्यायचं आणि नुसतं पुटकुळीवर न लावता अख्ख्या चेहऱ्याला लावायचं. फरक दिसायला १२ आठवडे.

आई तेव्हा नेमके मटार सोलत होती. तिने एक दाणा माझ्यापुढे सरकवला, "हे घे माप." जानेवारीतला टपोरा दाणा तो! आठवड्यात नाकाच्या कडेची त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघायला लागली. माप फ्रोझन मटाराचं घ्यायला हवं होतं.

पहिला महिना तर पुटकुळ्या वाढल्याच. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, तरी रडू आलं. ऐरोलीपर्यंत गाडीत हात हनुवटीकडे जायचा, म्हणून दोन्ही हातांनी पर्स धरून बसायचे. आता मार्चअखेर दोनच उरल्यात. आत्याच्या मते योग जवळ आलाय.

एक भानगड मात्र झाली. बेंझॉइल पेरॉक्साइड कपड्याचा रंग उडवतं. आईच्या लाडक्या मरून टॉवेलवर पांढुरके ठिपके पडलेत. तिने आधी बाईला विचारलं, मग धुण्याची पावडर बदलली. काल टॉवेल दोरीवर टाकताना उजेडात धरून बघत होती. आता तिसरी पावडर आणणार आहे. मी अजून काही बोललेले नाही.